पडद्यावरचे आप्त

दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे हा सद्गुण आहे काय? आणि ते दुःख मुळातच कल्पित असेल, नटनटींनी मोबदला घेऊन उभे केलेले असेल, तर त्यासाठी ढाळलेल्या अश्रूंचे मोल ते काय? प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात, तरुणपणी कार्थेज नगरीत पाहिलेल्या नाटकांच्या संदर्भात तो उपस्थित केला आहे. रंगभूमीवरील दुःखिताच्या मदतीला धावून जा, असे प्रेक्षकाला कुणीच म्हणत नाही. त्याने केवळ हळहळायचे असते, ही त्यांची अडचण होती. उलट, जितके रडू अधिक तितका तो नटांवर प्रसन्न! जी दया कृतीच्या उंबरठ्यापर्यंतही जात नाही, तिला दया तरी कसे म्हणावे?

हा प्रश्न आम्हाला अलीकडे पुन्हा छळू लागला तो जुन्या तुर्की कौटुंबिक चित्रपटांमुळे. गेली काही वर्षे हे चित्रपट जसे हाती येतील तसे आम्ही पाहत आलो आहोत. भाषा अवगत नाही. खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळींचा आधार घ्यावा लागतो आणि कित्येकदा तोही नसतो. चित्र ओरखड्यांनी भरलेले, आवाज खरखरता, मधलाच एखादा प्रसंग गळालेला. कथानक तर पहिल्या दहा मिनिटांत ओळखू यावे असे. गरीब घर, श्रीमंत घर, आजारी मूल, दुरावलेले आईबाप, अंध नायिका आणि तिला परत मिळणारी दृष्टी. एवढे सारे ठाऊक असूनही शेवटच्या अर्ध्या तासात घसा दाटून येतो. हे असे का व्हावे, याचा शोध घेणे आम्हाला अगत्याचे वाटले.

तुर्की प्रेक्षक आणि आपला प्रेक्षक यांची सोयरीक तशी आजची नव्हे. राज कपूर यांचा १९५१ सालचा ‘आवारा’ त्याच दशकात तुर्कस्तानात पोहोचला आणि तेथील सर्वसामान्य माणसाने तो आपलाच मानला. १९६४ साली ‘आवारे’ याच नावाने त्याची तुर्की आवृत्तीही निघाली. साद्री आलिशिक हे तिचे नायक होते. ‘आवारा’ची गाणी सर्वांच्या स्मरणात आहेत, परंतु त्याचा मूळ प्रश्न पुष्कळांच्या विस्मरणात गेलेला असतो. माणूस घडतो तो रक्ताने की संगोपनाने? न्यायाधीश बाप म्हणतो, रक्ताने. चित्रपट त्याला खोटे ठरवतो. हा प्रश्न तुर्की मनाला इतका का भिडला असावा, हे पुढे ओघाने येईलच.

इस्तंबूल शहरातील बेयोलू भागात येशिलचाम नावाची एक छोटी गल्ली आहे. येशिलचाम म्हणजे हिरवा पाइन वृक्ष. चित्रपट कंपन्यांची कार्यालये तेथे आणि आसपास दाटीवाटीने वसली आणि १९५० च्या दशकापासून पुढे सुमारे तीस वर्षे अवघ्या तुर्की चित्रसृष्टीला त्या गल्लीचेच नाव पडले. भरभराटीच्या काळातील वेग थक्क करणारा होता. एकट्या १९७२ साली सुमारे तीनशे चित्रपट निघाले. भांडवल असे नव्हतेच. अदाना, इझमीर, सामसून अशा प्रांतोप्रांतीचे वितरक आगाऊ रकमा देत आणि त्याबरोबर मागण्याही धाडत: आमच्याकडील बायाबापड्यांना रडविणारे काही हवे, अमुक नट हवा, लहान मूल हवे. कच्ची फीत परदेशातून येई आणि महाग असे, म्हणून एकेक दृश्य शक्यतो एकाच झटक्यात चित्रित होई. संवाद त्या वेळी ध्वनिमुद्रित होतच नसत. ते नंतर भरले जात आणि तेही अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून. पडद्यावर हंबरडा फोडणारी नायिका एक आणि तिचा हुंदका देणारी स्त्री दुसरीच, असा प्रकार सर्रास असे.

हे चित्रपट लोक जेथे पाहत ती ठिकाणे आम्हाला चित्रपटांइतकीच महत्त्वाची वाटतात. उन्हाळ्यात गावोगावी, वस्तीवस्तीत उघड्यावरची चित्रपटगृहे भरत. चुन्याने रंगविलेली भिंत हाच पडदा, बसायला लाकडी खुर्च्या, हातात सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया, मुलांसाठी सोडावॉटरसारखे गोड पेय. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे घर तेथे लोटत असे. केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवलेले दुपारचे खेळही असत. ऑगस्टीनचा प्रेक्षक नाटकाला गेला तो स्वतःच्या मनोरंजनासाठी. येथे मात्र शेजारणीच्या शेजारी बसून रडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणीकडे साखर मागायला जायचे, असा मामला होता. अश्रूंना साक्षीदार होते. या एका गोष्टीने प्रश्न सुटत नाही हे खरे, पण तो थोडा निराळा होतो.

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे वळू. १९७८ साली आलेल्या ‘नेशेली ग्युनलेर’ म्हणजे ‘आनंदाचे दिवस’ या चित्रपटात एक जोडपे लोणच्याचे दुकान चालविते. लोणचे चांगले होते ते लिंबाच्या रसाने की सिरक्याने, यावरून दोघांत वाद पेटतो. तो वाद इतका विकोपाला जातो की संसार मोडतो आणि सहा मुलांची वाटणी होते. तीन बापाकडे, तीन आईकडे. पुढे वर्षे लोटतात, विखुरलेली भावंडे एकमेकांना ओळखतात आणि हट्टी आईबापांना पुन्हा एका छताखाली आणण्याचा घाट घालतात. प्रेक्षक हसतो. परंतु घरोघरीची भांडणे मिटविण्याचा ज्यांना काही अनुभव आहे, त्यांना हे पक्के ठाऊक असते की घर मोडायला लिंबाएवढे कारणही पुरेसे होते. आणि मोठे कारण निदान बोलून दाखविता तरी येते, लहान कारणाची तर लाजच वाटते.

या जोडप्याच्या भूमिका म्युनिर ओझकुल आणि आदिले नाशित यांनी केल्या. ही दोघे म्हणजे तुर्की घराघरातले बाबा आणि आई. आदिलेबाईंचे हसणे असे की ऐकणाऱ्याने हसू आवरू म्हटले तरी आवरू नये. बुटकी, गोलमटोल, सदैव पदर खोचून उभी असल्यासारखी भासणारी ही स्त्री कुठल्याही अर्थाने नायिका नव्हती. १९६६ साली तिचा मुलगा हृदयविकाराने गेला. तो अजून शाळकरी वयाचा होता. त्यानंतरच्या दशकात ती सबंध देशाची आई झाली. दूरचित्रवाणीवर लहान मुलांना झोपण्यापूर्वी गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम ती करीत असे आणि त्या मुलांना ‘माझी कोकरे’ म्हणत असे. १९८७ साली ती वारली. तिचे हसणे खरे होते की अभिनय, हा प्रश्न आम्हाला विचारावासाही वाटत नाही.

याच दोघांचा १९७५ सालचा ‘बिझिम आयले’ म्हणजे ‘आमचे कुटुंब’. विधुर कामगार यशार उस्ता आणि विधवा मेलेक आपापली मुले घेऊन दुसरा संसार मांडतात. मुलांना ते रुचत नाही. एका छताखाली दोन टोळ्या नांदू लागतात. पुढे यशारच्या तरुण मुलाचे एका कारखानदाराच्या मुलीवर प्रेम बसते आणि तो धनिक या कुटुंबाची नोकरी, घर, सारे काही हिरावून घेण्याचा चंग बांधतो. तेव्हा यशार उस्ता त्याच्यासमोर उभा राहून जे बोलतो ते तुर्कस्तानात आजही लोकांना पाठ आहे. त्याचा आशय एवढाच की तुझ्याजवळ सारे काही आहे, पण एकमेकांवर जीव टाकणारी माणसे नाहीत; ती आमच्याजवळ आहेत आणि त्यांना हात लावशील तर मी गय करणार नाही. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या कुटुंबाच्या वतीने हा माणूस इतक्या अभिमानाने बोलतो, त्यातील अर्धी मुले त्याच्या रक्ताची नाहीत.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाच हवा. गरीब म्हणजे सज्जन आणि श्रीमंत म्हणजे दुर्जन, हे समीकरण सोयीचे आहे. ते गरिबाला गोंजारते आणि अन्यायाचे मूळ एखाद्या माणसाच्या वाईट स्वभावात दडवून टाकते. शेवटी कारखानदाराला पश्चात्ताप झाला की सारे आलबेल! कामगाराच्या मजुरीचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. तसेच, त्यागाचा सगळा भार बहुतेक वेळा बाईच्या माथी येतो आणि तिच्या मूक सोसण्याला पावित्र्य बहाल केले जाते. जुन्या चित्रपटांवर लुब्ध झालेले रसिक या त्रुटींकडे ‘तो काळच तसा होता’ म्हणून काणाडोळा करतात. आम्हाला ते मान्य नाही. त्या काळातही हे ओळखणारे होते आणि ते त्याच गल्लीत काम करीत होते.

ल्युत्फी आकाद यांचा १९७३ सालचा ‘गेलिन’, म्हणजे ‘सून’, हा त्याचा पुरावा. योझगातकडील एक एकत्र कुटुंब इस्तंबूलला येते आणि किराणा दुकान थाटते. आजोबांचा शब्द अखेरचा. सर्वांची कमाई एका पेटीत, सर्वांचे स्वप्न एकच: दुकान मोठे करायचे. धाकटी सून मेरयेम हिच्या लहान मुलाच्या हृदयात दोष आहे; डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. पैसा आहे, पण तो दुकानात गुंतवायचा आहे. मूल अशक्त आहे, होईल बरे. गावाकडे अशी पोरे असतातच. बाई उगीच घाबरते. कुणीही दुष्ट नाही. सासू जपते, सासरे नमाज चुकवीत नाहीत, दीर राबतो. आणि बकरी ईदच्या दिवशी, दारात बळीचा पशू आणि घरात सणाची गडबड असताना, तो मुलगा मरतो. ह्युल्या कोचयीत यांनी उभी केलेली मेरयेम त्यानंतर घर सोडते आणि कारखान्यात कामाला लागते. कुलाच्या अब्रूवर हा घाला. शेवटी नवरा तिच्या बाजूला येतो.

हा चित्रपट पाहताना आम्हाला रडू आले नाही, भय वाटले. कारण ‘आमचे कुटुंब’ या ज्या दोन शब्दांनी यशार उस्ताच्या तोंडी आमचा ऊर भरून आला होता, तेच दोन शब्द येथे एका मुलाच्या जिवावर उठतात. कुटुंब जेव्हा आपल्यातल्या सर्वांत दुबळ्यासाठी थांबत नाही, तेव्हा त्याची मूर्ती होते आणि मूर्तीला बळी लागतो. कौटुंबिक चित्रपटांचे गोडवे गाणाऱ्यांनी ‘बिझिम आयले’ पाहिला की त्याच आठवड्यात ‘गेलिन’ही पाहावा, असे आमचे मत आहे. गोड औषधानंतर कडू घ्यावे तसे.

मग कुटुंब कशाने होते? याचे उत्तर, आमच्या समजुतीप्रमाणे, आतिफ यिलमाझ यांच्या ‘सेल्वी बोयलुम, अल याझमालिम’ या १९७० च्या दशकाच्या अखेरच्या चित्रपटात सर्वांत स्वच्छ मिळते. सरूच्या झाडासारखी सडपातळ, तांबड्या ओढणीची सखी, असा त्या नावाचा अर्थ. मूळ कथा किर्गीझ लेखक चिंगिझ ऐत्मातोव यांची. मालमोटारीचा चालक इल्यास आणि खेड्यातली आसया यांचे प्रेम जुळते, लग्न होते, मुलगा होतो. मग नशिबाचा फेरा, दारू, दुसरी बाई आणि एके दिवशी इल्यास नाहीसा होतो. मूल कडेवर घेऊन बाहेर पडलेल्या आसयाला जेमशित नावाचा, रस्त्याच्या कामावरचा एक अबोल मुकादम आसरा देतो. तो काही मागत नाही. मुलाच्या उशाशी जागतो, त्याला चालायला शिकवितो, खेळणी करून देतो. वर्षे सरतात आणि अचानक इल्यास परत येतो. पश्चात्तापाने पोळलेला, अजूनही देखणा. आसयाचे मन अजूनही त्याच्यावर आहे, हे त्युर्कान शोराय यांच्या डोळ्यांत लख्ख दिसते. तिने कुणाबरोबर जावे? तेवढ्यात मूल ‘बाबा’ म्हणून धावते ते जेमशितकडे.

आसया स्वतःशी विचार करते की प्रेम म्हणजे काय आणि तिला मिळणारे उत्तर एका तुर्की शब्दात आहे: एमेक. एमेक म्हणजे श्रम, कष्ट, घाम गाळून केलेली मेहनत. आपल्याकडे लेकराला वाढविण्याच्या संदर्भात ‘खस्ता खाणे’ असा शब्दप्रयोग आहे, तो त्याच्या जवळ जातो. या निवडीत इल्यासवर अन्याय होतो काय? त्याचा पश्चात्ताप खरा आहे. तरीही पश्चात्तापाने क्षमेची याचना करता येते. गेल्या वर्षांतल्या जागरणांवर हक्क सांगता येत नाही. ‘आवारा’तल्या न्यायाधीशाचे रक्त येथे पुन्हा हरते आणि या वेळी कुठल्याही न्यायालयाविना, एका मुलाच्या धावण्यामुळे हरते.

आमच्या मते या चित्रपटांचे आकर्षण येथे आहे. ते आपल्याला सुखी घर दाखवितात म्हणून आपण हेलावत नाही. घर हे कुणीतरी राबून मिळविलेले असते आणि जो राबला त्याचे ते असते, ही गोष्ट ते आडपडदा न ठेवता सांगतात म्हणून हेलावतो. ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते, तिचे देणे आपल्यावर थकलेले असते आणि ते फेडण्याची आठवण अंधारात, कुणी पाहत नसताना होते.

या चित्रसृष्टीची अखेर लवकर झाली. १९६८ साली तुर्कस्तानात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. १९७३ सालच्या ‘जानिम कार्देशिम’ या चित्रपटात रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एका गरीब मुलाची शेवटची इच्छा दूरचित्रवाणी पाहण्याची असते आणि त्याच्यासाठी मोठी माणसे संच चोरायला निघतात. ज्या पेटीसाठी पडद्यावर एवढा आकांत, त्याच पेटीने पुढे चित्रपटगृहे ओस पाडली! १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निर्मात्यांनी तग धरण्यासाठी अश्लील चित्रपटांची कास धरली, रस्त्यांवर राजकीय हत्यांचे सत्र सुरू झाले आणि बायका-मुले चित्रपटगृहांपासून दुरावली. १९८० च्या सप्टेंबरात लष्कराने सत्ता हाती घेतली. त्यानंतर हे चित्रपट जगले ते व्हिडिओ कॅसेटवर, विशेषतः जर्मनीत मजुरीसाठी गेलेल्या तुर्की कुटुंबांच्या खोल्यांत. दोन्ही देशांतील कामगार करार १९६१ सालचा. म्हणजे कॅसेट आल्या तेव्हा त्या घरांतली पुढची पिढी वाढत होती. आईबापांनी सोडलेले गाव त्या मुलांनी येशिलचामच्या नजरेने पाहिले.

अनेक चित्रपट मात्र कायमचे गेले. १९५९ साली इस्तंबूलमध्ये चित्रपटांच्या एका कोठारास आग लागून जुना ठेवा भस्मसात झाला. पुढेही, उपयोग संपलेल्या फिती त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळविल्या गेल्या. त्यामुळे आज ‘दुर्मीळ’ म्हणून ज्यांचा शोध घेतला जातो ते चित्रपट निर्मितीच्या वेळी मुळीच दुर्मीळ नव्हते. ते अतिसामान्य होते, म्हणूनच कुणी जपले नाहीत. दुर्मीळतेला स्वतःचे असे नैतिक मूल्य नाही. ‘माझ्याजवळ अशी प्रत आहे जी कुणाजवळ नाही’ या वाक्यातला आनंद कारखानदाराचा आहे, यशार उस्ताचा नव्हे. पण इस्तंबूलच्या मिमार सिनान विद्यापीठात फितींचे जतन करणारी माणसे वर्षानुवर्षे काम करीत आली आहेत. तिथे शब्द पुन्हा तोच येतो, एमेक. त्या येशिलचाम गल्लीतील एका देखण्या जुन्या चित्रपटगृहाचे नावही एमेक होते. लोकांनी निदर्शने केली तरी २०१३ साली ते पाडण्यात आले.

संत ऑगस्टीन यांच्या प्रश्नाकडे परत जाण्यापूर्वी एक हकिकत सांगणे भाग आहे. या चित्रपटांतील प्रेमळ चेहऱ्यांत आर्मेनियन ख्रिस्ती समाजाची माणसे बरीच होती. सामी हाझिनसेस या विनोदी नटाचे मूळ नाव सामुएल उलुच्यान होते, हे बहुसंख्य प्रेक्षकांना २००२ सालच्या त्याच्या निधनापर्यंत ठाऊकच नव्हते. ज्या देशात १९१५ साली त्या समाजाचा संहार झाला, तेथे नाव बदलणे म्हणजे केवळ रंगभूमीची रीत नव्हती. नुबार तेरझियान मात्र आर्मेनियन नावानेच वावरले. शेकडो चित्रपटांत ते पांढऱ्या केसांचे, कनवाळू काका किंवा वडील म्हणून आले. त्या काळचा सर्वांत लोकप्रिय नायक आयहान इशिक याच्याबरोबर त्यांनी अनेकदा काम केले होते.

१९७९ च्या जूनमध्ये आयहान इशिक अकस्मात वारला. तेरझियान यांनी वर्तमानपत्रात शोकनिवेदन दिले आणि खाली ‘तुझा काका’ अशी सही केली. त्यानंतर इशिकच्या कुटुंबाने खुलासा छापला: या गृहस्थांशी आमचे कसलेही नाते नाही. शोकाने गांगरलेल्या घराला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. आर्मेनियन नावाच्या काकामुळे लोक काय समजतील, या धास्तीमागे त्या समाजाचा सारा इतिहास उभा होता. पडद्यावर ज्याला देशाने काका म्हटले, त्याला कागदावर काका म्हणवून घेता आले नाही.

ऑगस्टीनचा आक्षेप येथे खरा ठरतो आणि पुरा पडतही नाही. प्रेक्षकांचे अश्रू त्या खुलाशापर्यंत पोहोचले नाहीत, हे उघड आहे. पण ज्या माणसाने ती सही केली, तोही त्याच चित्रपटांत वाढला होता. खोट्या नात्यांचा अभिनय वर्षानुवर्षे करता करता त्यातले एक त्याला खरे झाले होते.

नुबार तेरझियान यांनी त्यानंतर आणखी एक निवेदन छापून आणले. रक्ताचे नाते नसल्याचे त्यांनी मान्य केले, गैरसमजाबद्दल क्षमा मागितली आणि जे नाव त्यांनी आपल्या मायेला दिले होते ते कुठून आले, ते समजावून सांगितले. १९९४ साली ते वारले.